पाठविणाऱ्याचे ऋण

वैशाखाच्या दिवसांत आमच्या नशिराबादेस दुपारी बाहेर पडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये, हमरस्त्यास लागून वसलेले हे गाव. पारा ४५ अंशांवर गेला तरी त्याचे येथे कोणास नवल वाटत नाही, आणि केळीच्या बागांस पाणी पुरेल की नाही यापलीकडे या दिवसांत दुसरा विषय सुचत नाही. अशा एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन एका शेजाऱ्याने आम्हांस दक्षिण ध्रुवाकडील मुलखाविषयी विचारावे, याचे प्रथम आम्हांस हसू आले. त्याचा प्रश्न पुरता ऐकल्यावर मात्र ते हसू मावळले.

शेजारी केळीचा लहानसा बागाईतदार. त्याच्या मुलाने यंत्रविद्येची पदविका घेतली आहे, आणि डिझेल इंजिनांत त्याचा हात चांगला बसला आहे. अंटार्क्टिका खंडावर आपल्या देशाचे जे ठाणे आहे, तेथे हिवाळाभर राहून जनित्रे सांभाळण्याच्या कामासाठी त्याने अर्ज केला होता, आणि मुलाखतीचे बोलावणे आले होते. बाप म्हणाला, “भाऊ, थंडीचे मला भय नाही. पोरगा सोशीक आहे. पण तिथे अडकला, तर त्याला आणील कोण? आणि त्याचा पैसा भरील कोण?”

आम्ही चटकन उत्तर दिले, “पाटील, सरकार आहे ना!”

तो काही बोलला नाही. नुसते आमच्याकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी वादळात त्याची उभी बाग आडवी झाली होती, आणि भरपाईच्या अर्जाच्या पावत्या अजून त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडून आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. आपण उत्तर दिले नाही, प्रश्न टाळला, ही जाणीव त्या एका दृष्टीने आम्हांस झाली. पुढे जे लिहिले आहे, तो त्या टाळलेल्या प्रश्नास उत्तर देण्याचा यत्न आहे.

त्या गृहस्थाने एका दमात दोन प्रश्न विचारले होते: आणावयाचे कोणी, आणि पैसा द्यावयाचा कोणी. आम्ही शिकलेली माणसे हे दोन प्रश्न वेगळ्या खणांत ठेवतो. पैशाचा प्रश्न अंदाजपत्रकाचा. सुटकेचा प्रश्न दयेचा. पहिला मोहीम निघण्यापूर्वी सुटतो, दुसरा मोहिमेवर संकट आल्यावर उभा राहतो. आमचे म्हणणे असे की हा मुळात एकच प्रश्न आहे, आणि त्याची अशी ताटातूट करण्यातच पुष्कळ अनर्थांचे बीज आहे.

याचा फार कठोर दाखला इतिहासात आहे. १८७५ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या नौदलातील कार्ल वेयप्रेश्ट या अधिकाऱ्याने एक शहाणपणाची सूचना मांडली. ध्रुवावर आधी कोण पोचतो ही शर्यत राष्ट्रांनी सोडावी. ध्रुवप्रदेशाभोवती ठाणी मांडून हवा, तापमान आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांची मोजणी सर्वत्र एकाच काळी आणि एकाच पद्धतीने करावी. या सूचनेतून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष जन्मास आले. सूचना करणारा ते पाहण्यास उरला नाही. तो १८८१ सालीच वारला.

या कार्यासाठी अमेरिकेने १८८१ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट अडॉल्फस ग्रीली याच्यासह पंचवीस माणसे अतिउत्तरेच्या एल्समीर बेटावर धाडली. अमेरिकन काँग्रेसने मोहिमेसाठी मंजूर केलेली रक्कम २५,००० डॉलरांची होती. योजना अशी ठरली की १८८२ साली एक जहाज रसद घेऊन येईल. ते पोचले नाही तर १८८३ साली दुसरे येईल. आणि तेही न आल्यास ग्रीलीने माणसांसह नावांतून दक्षिणेस उतरावे, वाटेवर ठरलेल्या जागी त्यांच्यासाठी शिधा ठेवलेला असेल. कागदावर यात काही न्यून दिसत नाही.

१८८२ चे जहाज बर्फामुळे ठाण्यापर्यंत जाऊ शकले नाही. त्यावरील अधिकाऱ्याने आपल्याजवळील लेखी हुकुमास धरून दोन ठिकाणी थोड्या दिवसांचा शिधा उतरविला, आणि उरलेला भरगच्च साठा जसाच्या तसा परत नेला. १८८३ चे जहाज बर्फात चिरडून बुडाले. त्यावरील माणसे वाचली, पण अन्न बहुतेक तळास गेले. इकडे ग्रीलीने आपल्या बाजूचा शब्द पाळला. ज्या ठाण्यावर निवारा चांगला होता आणि शिकारही मिळत होती, ते ठाणे ठरल्याप्रमाणे सोडून तो ऑगस्ट १८८३ मध्ये नावांतून निघाला. अनेक आठवडे बर्फाशी झुंजून ही माणसे केप सेबाइनच्या परिसरात पोचली. तेथे त्यांस मिळाले ते तुटपुंजे अन्न आणि बुडालेल्या जहाजाच्या अधिकाऱ्याने ठेवलेली एक चिठ्ठी. पुढे आठ महिन्यांचा हिवाळा होता.

१८८४ साली मात्र देश जागा झाला. ग्रीलीची पत्नी हेन्रिएटा हिने वृत्तपत्रे आणि पुढारी यांच्यामागे अखंड तगादा लावला होता. काँग्रेसने सुटकेच्या मोहिमेस खर्चाची मर्यादाच ठेवली नाही. शिवाय या माणसांचा शोध लावील त्या खाजगी जहाजास २५,००० डॉलरांचे बक्षीस लावले. जी रक्कम माणसे पाठविण्यास पुरेशी वाटली होती, तितकीच आता त्यांचा पत्ता सांगणाऱ्यास देऊ करण्यात आली. २२ जून १८८४ रोजी कमांडर श्ले याची जहाजे पोचली तेव्हा सात माणसे श्वास घेत होती. त्यांतील एक घरी पोचण्यापूर्वीच वारला. पंचवीसांतून सहा उरले. जहाजे येण्यापूर्वी सोळा दिवस, अन्नाची चोरी केल्याबद्दल एका शिपायास ग्रीलीच्या लेखी हुकुमाने गोळी घालण्यात आली होती. आणि हे सर्व होत असताना त्या माणसांनी आपल्या शास्त्रीय नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्या आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

या कथेत एखादा खलपुरुष शोधू गेल्यास तो सापडत नाही, हीच तिची भयंकरता होय. शिधा परत नेणाऱ्याने हुकूम पाळला. हुकूम लिहिणाऱ्याने खर्चाची काळजी घेतली. काँग्रेसने प्रथम काटकसर केली, तिलाही कोणी पाप म्हणणार नाही. ग्रीलीची माणसे मेली ती कोणाच्या द्वेषामुळे नव्हे. एका वचनावर विश्वासून त्यांनी आपला सुरक्षित निवारा सोडला, आणि ते वचन देणाऱ्यांनी त्यास मोहिमेच्या मूळ खर्चात धरलेच नव्हते. शिधा पोचला नाही तर काय, या प्रश्नापुढे त्यांच्या हिशेबात कोरी जागा होती. ती जागा पुढे १८८४ मध्ये अमर्याद रकमेने भरली गेली. पण अन्नाचे काम वेळेवर लागते, आणि वेळ रकमेने परत घेता येत नाही.

आमच्याकडे विहिरीतील गाळ काढण्यासाठी माणूस उतरवितात तेव्हा दोर आधी पाहतात आणि माणूस मागून. काठावरच्या माणसाने दोर धरला की वर येईपर्यंत तो सोडावयाचा नसतो. हाक आली नाही म्हणून जेवून येऊ, असे तो म्हणत नाही. दोराची किंमत गाळ काढण्याच्या मजुरीत धरलेली असते. उतरलेला माणूस गुदमरू लागल्यावर दोर विकत आणण्यास जो बाजारात धावेल, त्याच्या दातृत्वाची गावात कोणी वाखाणणी करणार नाही. पण राष्ट्रांच्या बाबतीत आम्ही नेमके हेच करतो. सुटकेस निघालेल्या जहाजांचे स्वागत होते, तोफा उडतात, सभा भरतात. आणि त्या गजरात, हे जहाज एक वर्ष आधीच का निघाले नाही, हा प्रश्न विरून जातो.

येथे कोणी म्हणेल, “ही माणसे आपण होऊन गेली. धोका ठाऊक असून ज्याने पत्करला, त्याचे देणे दुसऱ्यावर कसे येते?” हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाही. स्वेच्छेने केलेल्या साहसाचे मूल्य त्यातील धोक्यामुळेच असते, आणि सारा धोका काढून घ्यावा असे साहस करणाराही म्हणणार नाही. तथापि मनुष्य कशास संमती देतो हे नीट पाहिले पाहिजे. ध्रुवाकडे जाणारा थंडीस संमती देतो, अंधारास देतो, बर्फ फुटेल, वादळ येईल, जहाज अडकेल, या सर्वांस देतो. पाठविणारे आपणांस विसरतील, यास त्याने संमती दिलेली नसते. त्याचा करार निसर्गाच्या अनिश्चिततेशी असतो. पाठविणाऱ्याच्या निष्काळजीपणाशी नसतो. निसर्गाने दगा दिला तर तो त्याचा भोग. पाठविणाऱ्याने दिला तर तो पाठविणाऱ्याचा दोष. या दोहोंची सरमिसळ करून आपला दोष निसर्गाच्या पदरी टाकणे फार सोपे असते, कारण बर्फ साक्षीस येत नाही.

दुसरा आक्षेप आम्हा भारतीयांस अधिक लागू पडतो. ज्या देशात विहिरी कोरड्या पडतात, त्याने बर्फावर माणसे पाठवावीतच का? आमच्या शेजाऱ्याने हा प्रश्न विचारला नाही, पण गावातील पुष्कळ जण विचारतात, आणि त्यांस हसणे योग्य नव्हे. पैसा त्यांचाही आहे.

आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. त्याच वर्षी सागर विकास विभाग स्थापन झाला होता. त्याचे सचिव डॉ. सैयद झहूर कासिम हे मोहिमेचे नेते होते. एकवीस माणसे आणि नॉर्वेहून भाड्याने घेतलेले ‘पोलर सर्कल’ हे जहाज, एवढी ती तयारी. निघण्याची फारशी वाच्यताही करण्यात आली नव्हती. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी त्या खंडावर उतरली, आणि २१ फेब्रुवारीस गोव्यास परतली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभे राहिले. याच मोहिमेत आपल्या महाराष्ट्रकन्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तेथे गेल्या. आपल्या अंटार्क्टिक मोहिमेतून गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. उन्हाळा सरल्यावर जहाज परत फिरले, आणि बारा माणसे मागे राहिली. त्या खंडावर हिवाळा काढणारी ती आपली पहिली तुकडी.

जहाज दिसेनासे होताना त्या बारा जणांच्या मनात काय आले असेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्या क्षणी हा देश कशास बांधला गेला, हे सांगता येते. तोवर मोहीम म्हणजे जाऊन येणे होते. आता ती दर वर्षी पाळावयाचे वचन झाली. मागे राहिलेल्यांस आणण्यासाठी पुढील वर्षी जहाज गेलेच पाहिजे. त्या वर्षी पाऊस पडो वा न पडो, तिजोरी भरलेली असो वा रिकामी. तेव्हापासून हा क्रम चालू आहे. ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखाली गाडले गेले; १९८९ साली खडकावर ‘मैत्री’ हे ठाणे आणि २०१२ साली ‘भारती’ हे आणखी एक ठाणे उभे राहिले; गोव्यात वास्को येथे या कार्याचे स्वतंत्र केंद्र झाले. दर साल जाणारी नवी तुकडी ही जुन्या तुकडीची सुटका असते. ग्रीलीच्या वेळी जी सुटका संकटानंतर सुचली, ती येथे कामाच्या घडणीतच बसविलेली आहे. आमच्या मते या उद्योगातील नीतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच. सारे धोके तिने टळत नाहीत. १९९० साली आपल्या नवव्या मोहिमेतील चार सदस्य तेथेच मृत्यू पावले. पण परत आणण्याचा खर्च पाठविण्याच्या खर्चात धरलेला असला, की निदान विस्मृतीने कोणी मरत नाही.

आता या ज्ञानाचा आम्हांस उपयोग काय? येथे खोटी आशा दाखविणे हा करदात्याचा अपमान होईल. तेथील मोजणीने उद्या आमच्या विहिरीस पाणी लागणार नाही. परंतु १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली त्याच सुमारास, १८७५ साली, या देशाचे हवामान खाते निघाले होते. आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ साली हिमालयावरील हिमवर्षाव आणि पुढील मोसमी पाऊस यांचा संबंध मांडून दाखविला. हिवाळ्यात दूर डोंगरावर पडलेल्या बर्फाचा आषाढातल्या पावसाशी संबंध असू शकतो, ही गोष्ट कोणी तरी वर्षानुवर्षे मोजल्यावाचून कळली नसती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० नंतरच्या दशकापासून चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून त्या नोंदींस बाध येऊ नये यासाठी १९०४ साली ते काम अलिबागेस हलविले, आणि तेथे ते आजही चालते. ज्या संस्थेकडे हे काम आहे, तिचीच माणसे अंटार्क्टिकावर जाऊन तेथील चुंबकत्व मोजतात. एका पिढीने नोंद करावी आणि तिसऱ्या पिढीने तिचा अर्थ लावावा, असे हे व्यवहार आहेत. ते परवडतात की नाही याचा विचार जरूर व्हावा. पण परवडत नाही असे ठरले तर पाठवू नये. अर्ध्या पैशात पाठवू नये.

हा शेवटचा मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो केवळ ध्रुवापुरता नाही. वर ज्या दुष्काळाचा उल्लेख केला, त्यात १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करून माणशी दिवसास सुमारे एक पौंड धान्य आणि वर किंचित पैसा, इतकी खाली आणली. खर्च आवरावयाचा होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठविला, आणि हजारो मजूर ती कामे सोडून निघून गेले. येथे मदत नाकारलेली नव्हती. मदत दिली जात होती, पण अशा मापाने की घेणाऱ्याचा प्राण त्यात राहू नये. केप सेबाइन येथे उतरविलेला थोडासा शिधा आणि परत नेलेला मोठा साठा यांची आम्हांस येथे आठवण होते. अर्धवट मदतीत एक विशेष क्रौर्य असते: तिच्या भरवशावर मनुष्य आपले दुसरे उपाय सोडून देतो. ज्यास काहीच मिळणार नाही असे ठाऊक असते, तो निदान आपल्या पायांनी दुसरी वाट शोधतो.

उलट बाजूनेही एक दाखला आहे. १९०१ साली स्वीडनचा ओटो नॉर्डेनशेल्ड हा शास्त्रज्ञ मुख्यतः खाजगी पैशावर अंटार्क्टिकाकडे गेला. वाटेत अर्जेंटिना देशाने त्यास साहाय्य केले आणि आपला एक तरुण नौदल अधिकारी त्याच्या तुकडीत दिला. फेब्रुवारी १९०३ मध्ये नॉर्डेनशेल्डचे जहाज बुडाले, आणि माणसे तीन ठिकाणी विखुरली. अर्जेंटिनाने कोणाची वाट न पाहता आपली ‘उरुग्वे’ ही लहानशी युद्धनौका हुलियन इरिसार याच्या हाताखाली धाडली, आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये तिने सर्वांस शोधून आणले. नॉर्डेनशेल्डवर मोहिमेचे मोठे कर्ज राहिले. माणसे मात्र, एक वगळता, घरी आली. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, जून २००२ मध्ये, रशियन शास्त्रज्ञांस घेऊन परतणारे एक जर्मन जहाज दक्षिणेच्या बर्फात अडकले. दक्षिण आफ्रिकेच्या जहाजाने हेलिकॉप्टरांनी बहुतेकांस उचलून आणले, आणि जहाजाच्या साहाय्यास अर्जेंटिनाचे बर्फ फोडणारे जहाज गेले. त्या जहाजाचे नाव ‘अल्मिरांते इरिसार’, म्हणजे दर्यासारंग इरिसार. ज्याने एकदा परक्यांस घरी आणले, त्याचे नाव त्या देशाने अशा कामाच्या जहाजासच दिले होते. आपल्या देशानेही पहिल्या मोहिमेपासून भाड्याची परदेशी जहाजे वापरली आहेत. त्या बर्फात आपली माणसेही परक्यांच्या भरवशावर असतात, आणि परकी आपल्या. तेव्हा हे ऋण केवळ एका देशाच्या पोटातले नाही.

असो. चार दिवसांनी आम्ही आपण होऊन शेजाऱ्याकडे गेलो, आणि यांतील पुष्कळसे त्यास साध्या शब्दांत सांगितले. ग्रीलीची हकीकत सांगावी की नाही, याचा आम्ही वाटेत विचार केला होता. पण अर्धे सांगणे हेही अर्धवट मदतीसारखेच, म्हणून सगळे सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे पोराने निघण्याआधी त्यांना काय विचारावे?”

आम्ही म्हटले, “तुम्ही मला विचारलेत तेच. परतीचे जहाज केव्हा. ते आले नाही तर दुसरे कोणते. आणि त्याचा पैसा आजच बाजूला काढला आहे की नाही. हा प्रश्न विचारल्याने कोणी रागावले, तर त्याने जाऊ नये. नीट उत्तर मिळाले, तर तुम्ही अडवू नये.”

त्याने मान हलविली, आणि आत हाक मारून मुलास कागद-पेन्सिल घेऊन बाहेर बोलाविले.